जुळवलेला दात

छायाचित्रातील ते दात माझे नव्हते, ही गोष्ट ध्यानात येण्यापूर्वीच ते मला आवडून गेले होते. मुलीने दुकानाच्या काउंटरवर फोन ठेवला आणि ती म्हणाली, "बघा बाबा, हा फोटो मुलाकडच्यांना पाठवलाय," आणि मी चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसून पाहू लागलो. मध्यभागी मुलगी, एका अंगाला तिची आई, दुसऱ्या अंगाला मी. आणि माझे तोंड उघडे होते. मी सहसा तोंड उघडून हसत नाही. हसू आलेच तर डावा हात आपोआप ओठांपुढे येतो, जसा एखाद्याचा हात उन्हात डोळ्यांवर जातो. परंतु त्या दिवशी मुलीने आपले लग्न आपणच ठरवल्याची वार्ता सांगितली होती, आणि हाताला पोहोचण्यास विलंब झाला असावा. ओठांच्या मधोमध दातांची एक सरळ, शुभ्र, अखंड ओळ होती. हा मनुष्य कोण, किती प्रसन्न दिसतो, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, आणि मग सदरा ओळखू आला.

"चांगला आलाय," मी म्हणालो.

"तुमचे दात जरा साफ केले मी. काही नाही हो, नुसतं बोट फिरवलं की होतं." तिने फोन परत घेतला. "त्यांच्या घरात सगळे कसे टापटीप आहेत ना, म्हणून."

ती निघून गेली. मी एका स्नानगृहाच्या आरशासाठी काच आखत होतो. काच कापायची हिरकणी तेलात बुडवून काचेवरून ओढली की एक बारीक चिरका आवाज येतो. तो आवाज एकसंध आला तर काच नेमकी रेषेवर तुटते, मध्ये अडखळला तर काच आपल्या मनाला येईल तिकडे फुटते. त्या दिवशी आवाज अडखळला. हे दुकान आरशांचे आहे, आणि ते माझे नव्हे. ते माझ्या पत्नीच्या थोरल्या भावाचे. पत्नी त्याला दादा म्हणते, मुलगी मामा म्हणते, आणि मी कामाच्या वेळी मालक व घरी काहीच म्हणत नाही. चारी भिंतींना आरसे टेकवून ठेवलेले असतात, त्यामुळे मी जिकडे वळतो तिकडे स्वतःला भेटतो. तथापि अनेक वर्षांत मी स्वतःला तोंड मिटलेलाच भेटत आलो होतो. त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हते. मी एका उभ्या आरशापुढे गेलो, इकडे तिकडे पाहिले, आणि ओठ मागे ओढून दात पाहिले. चहाच्या कपाच्या आतल्या कडेला जो रंग चढतो, तो रंग. सगळ्यांचा एकसारखा, आणि तोच विशेष होता. वरच्या ओळीतला पुढचा, मधल्या फटीच्या उजवीकडचा दात मूळचा नाही, हे कोणालाही ओळखता आले नसते.

त्या दाताचा इतिहास मी कोणाला सांगितला नाही. घरात तो इतिहास असा आहे की बाबा स्नानगृहात घसरले. मुलगी लहान असताना हा किस्सा तिला फार प्रिय होता. "बाबा कसे पडले, धप्पकन्?" असे ती विचारायची, आणि मी खरोखरच पडून दाखवायचो, गादीवर. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे पाहायची आणि म्हणायची, "पुरे आता, पाठ धरेल." सत्य असे की लग्नाच्या पुढच्याच वर्षी मी हसलो होतो. आम्ही तेव्हा मेहुण्याच्याच घरी एका खोलीत राहत होतो. माझे शिक्षण मध्येच सुटलेले, आणि त्याने मला दुकानात घेतले होते. त्या दिवशी त्याला व्यापाऱ्यांच्या एका समारंभात सत्कारासाठी जायचे होते. अंगात नवा कोट होता, शिवून घेतलेला नव्हे, तयार आणलेला. तो दिवाणखान्यात सर्वांसमोर उभा राहिला, चार पाहुणे वाहवा करीत होते, त्याने सत्काराला उत्तर म्हणून करायच्या भाषणाची तालीम म्हणून हात उंचावला, आणि काखेखालून दोऱ्याला लोंबणारी किमतीची चिठ्ठी बाहेर आली. ती गोल गोल फिरत होती. मी हसलो. दुष्टपणाने नव्हे, मी तरुण होतो, माझे दात तेव्हा चांगले होते, आणि हसू ही गोष्ट शिंकेसारखी आहे असे मला वाटत असे. पाहुणेही हसले, परंतु माझ्यानंतर. त्याच्या मुठीत दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा होता. हात उलटा आला. मला वेदना आठवत नाही, मला तोंडातली खडी आठवते, आणि जिभेने चाचपताना लागलेली नवी, धारदार कड. काच तुटल्यावर असते तशी, अजून न घासलेली. माझी पत्नी पाणी घेऊन धावत आली. तिने आधी फरशी पुसली.

दुसऱ्या दिवशी तोच मला डॉक्टरकडे घेऊन गेला. वाटेत त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि तो धंद्याविषयी बोलत होता. दाताचा खुंट शिल्लक होता, त्यावर कॅप बसवायची ठरली. डॉक्टरांनी एक पट्टी काढली. तिच्यावर नमुन्याचे दात ओळीने लावलेले असतात, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत, जणू एकच मनुष्य म्हातारा होत गेला आहे. माझ्या तोंडात कापूस कोंबलेला होता. डॉक्टरांनी एक दात ओठाशी धरला आणि म्हणाले, "हा जुळतो. किंवा जरा उजळ घेऊ या का?" मी मान हलवणार तोच मेहुणा पुढे झाला. "नको, नको. उगीच एकटाच चमकायचा. जसं आहे तसं असू दे." त्याने पट्टीवर बोट फिरवत फिरवत शेवटाकडे नेले आणि नखाने एका दातावर टिचकी मारली. "हा. हा ह्यांचा." मी आरशाचा माणूस आहे, मला रंगातला भेद दिसतो. त्याने निवडलेला दात माझ्या दातांहून एक पायरी अधिक पिवळा होता. पुढे वर्षानुवर्षे चहा झाला, सुपारी झाली, वय झाले, आणि माझे स्वतःचे दात एकेक करून त्या दाताकडे चालत गेले आणि अखेर त्याच्या रांगेत जाऊन उभे राहिले. याला लोक जुळणे म्हणतात.

फोटो पाठवल्यानंतर दोन्ही घरांच्या भेटीचा दिवस ठरला. मुलाकडची मंडळी येणार, एका चांगल्या उपाहारगृहात जेवण. "बोलायला दादा आहेच," पत्नी म्हणाली. ती हे वाईट हेतूने म्हणाली नाही. मुलीच्या शाळेत दादा गेला होता, कॉलेजात दादा, ती आजारी पडली तेव्हा इस्पितळात डॉक्टरांशी दादाच बोलला होता. मी दुकान सांभाळत होतो. परंतु या वेळी मला बोलायचे होते. मी मनाशी तीन वाक्ये जुळवली होती, आणि काच आखताना ती पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होतो. निवड तुम्हा दोघांची आहे. त्या निवडीवर माझा पूर्ण विश्वास आहे. माझी एवढीच मागणी आहे की हिच्या हसण्यावरून हिला कोणी कधी काही म्हणू नये. तिसरे वाक्य मला स्वतःला फार मोलाचे वाटत असे, आणि ते पिवळ्या दातांमधून बाहेर यावे हे मला सहन होईना. त्या मंडळींनी शुभ्र दातांचा बाप पाहिलेला होता. तो बाप तिथे जाऊन बसला पाहिजे होता. म्हणून मी मुलीला म्हणालो, "ते दात पांढरे करतात म्हणे, डॉक्टरकडे."

तिला इतका आनंद झाला की मला त्याचे वाईट वाटले.

ती माझ्याबरोबर आली. डॉक्टरीणबाई वयाने मुलीएवढीच, बोलायला मोकळी. तिने लहान आरसा तोंडात घालून पाहिले, त्या पुढच्या दातावर टकटक केले आणि म्हणाली, "काका, हा कॅपचा आहे. आधीच सांगते हं, औषधानं फक्त तुमचे स्वतःचे पांढरे होतील. हा आहे तस्साच राहणार."

मी मुलीकडे पाहिले. स्नानगृहाचा किस्सा मी जिभेच्या टोकावर आणून ठेवला होता. परंतु तिने काहीच विचारले नाही. ती डॉक्टरीणबाईला म्हणाली, "मग तो बदलता येईल ना?"

"येईल की. पण आधी बाकीचे होऊ देत. रंग बसायला काही आठवडे जातात, मग त्याला जुळवून नवा करू. आत्ताच केला तर पुन्हा वेगळा पडेल."

"पण भेट तर त्याच्या आधी आहे," मुलगी म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून हसली. "चालेल. तोपर्यंत ओठ मिटून हसा, बाबा. तुम्हाला सवय आहे."

तिने विचारले नाही याचे मला त्या वेळी समाधान वाटले. मुलगी समंजस आहे, परक्यापुढे बापाला विचारत नाही, असा मी अर्थ लावला. ओठ ताणून धरणारा प्लास्टिकचा चिमटा तोंडात बसला, हिरड्यांवर लेप लागला, दातांवर थंड औषध, आणि वरून निळा दिवा. डोळ्यांवर काळा चष्मा असूनही तो निळा प्रकाश मला आत, कवटीच्या मागच्या बाजूस जाणवत होता. मग सळका सुरू झाल्या. एक बारीक विजेची तार दातातून निघून कानापर्यंत जाई, थांबे, आणि दुसऱ्या दातातून निघे. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. एकेक दात आपले अस्तित्व सांगत होता. फक्त तो एक गप्प होता. ज्याच्या जागी सर्वाधिक दुखायला हवे होते तिथे काहीही दुखत नव्हते.

उरलेले काम घरी करायचे होते. माझ्या जबड्याच्या मापाचे पातळ पारदर्शक साचे मिळाले. त्यात जेलचा एकेक थेंब घालायचा, संध्याकाळी दातांवर चढवून बसायचे, चहा वर्ज्य, रंगीत खाणे वर्ज्य. साचे चढवले की बोलता येत नाही. माझ्या पत्नीला या गोष्टीचा शोध दुसऱ्याच संध्याकाळी लागला. ती समोर बसून भाजी निवडू लागली आणि बोलू लागली. इतकी ती माझ्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती. कोणाचे काय झाले, मुलीच्या होणाऱ्या सासूचा स्वभाव कसा असेल, मी तरुणपणी कसा होतो. "हसरे होता हो तुम्ही फार," ती म्हणाली, आणि देठ मोडत राहिली. मग जराशाने म्हणाली, "तो पुढचा मात्र लवकर बदलून घ्या. बाकीचे पांढरे झाले की तो उठून दिसेल. दादाला दिसला की वाईट वाटेल त्याला."

माझ्या तोंडात साचे होते. मी काढू शकलो असतो. ओठांच्या कोपऱ्यातून जेल पाझरत होते, त्याची चव पुदिन्याची आणि लोखंडाची होती. मी उठलो आणि मोरीत थुंकून आलो, आणि पुन्हा साचे चढवले, आणि या वेळी त्या एका दाताच्या खाचेत चौपट जेल भरले. आरशाला आतून डाग पडला तर काच पुढून कितीही घासा, तो जात नाही. डाग मागे पाऱ्यात असतो. हे मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर समजावीत आलो आहे. तरीसुद्धा मी रोज संध्याकाळी त्या दाताला जास्तीचे औषध देत राहिलो. हिरडी पांढरी पडून सोलली गेली. थंड पाण्याचा घोट घेतला की डोळ्यांतून पाणी येई. बाकीचे दात दिवसेंदिवस उजळत गेले, जणू कोणी एकेका खोलीत दिवा लावीत चालले आहे. आणि ती एक खोली बंद. जो दात अनेक वर्षे कोणाला दिसला नव्हता, तो आता दुकानाच्या पलीकडच्या भिंतीवरच्या आरशातूनही मला दिसू लागला. मी तोंड उघडले की तो आधी येई, मग मी.

उपाहारगृह मेहुण्यानेच निवडले होते, आमचे जुने गिऱ्हाईक. आत एका भिंतीला लांबच लांब आरसा होता. तो मीच कापून बसवलेला. त्यामुळे मला माझ्या जागेवरून सर्व मंडळी दोनदा दिसत होती. मुलाचे वडील सौम्य गृहस्थ, जेवणापेक्षा पाणीच अधिक पीत होते. मेहुणा त्यांच्या शेजारी बसला. मुलीनेच त्याला तिथे बसवले. "मामा, तू इकडे," असे म्हणून तिने खुर्ची ओढून दिली, आणि मला समोर, टोकाला. पाणी आले, जेवण मागवून झाले, आणि बोलण्यात एक खंड पडला. हीच ती वेळ, असे मला वाटले. मी घसा साफ केला.

"निवड तुम्हा दोघांची आहे," मी म्हणालो.

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मेहुण्यानेही पाहिले. त्याची नजर माझ्या डोळ्यांवर होती, मग खाली उतरली, आणि तिथे थांबली. मी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधले. पत्नी म्हणाली होती ते वाईट वाटणे, किंवा निदान आठवणे. त्याला आठवले. ते मला स्पष्ट दिसले, आणि आरशात दुसऱ्यांदा दिसले. मग तो खुर्चीत मागे रेलला आणि त्याच्या तोंडभर हसू पसरले.

"अहो भावजी! सगळी भिंत रंगवलीत आणि एक वीट विसरलात की हो!"

मंडळी हसली. मुलाचा बाप आधी हसला नाही, मग इतर हसले म्हणून हसला. पत्नी घाईघाईने म्हणाली, "स्नानगृहात घसरले होते हे, फार वर्षांपूर्वी," आणि मेहुण्याने मान डोलावली. "हो, हो. मीच तर नेलं होतं डॉक्टरकडे. रंगसुद्धा मीच निवडला. तेव्हा काय झकास जुळला होता!" पुन्हा हशा. मुलगीही हसत होती. तिने हात तोंडापुढे धरला होता, डावा. ही लकब तिने माझ्याकडून उचलली आहे, हे मला त्या क्षणी प्रथमच उमगले. माझी उरलेली दोन वाक्ये तोंडातच राहिली. कोणीतरी मेहुण्याला धंद्याविषयी विचारले आणि बोलणे त्याच्याकडे गेले, जसे पाणी उताराकडे जाते. मी हसत राहिलो. मी मुद्दाम तोंड उघडे ठेवून हसत राहिलो, त्याच्याकडे पाहून, जेवण संपेपर्यंत. त्याने ते पाहावे, त्याचा घास अडावा, अशी माझी समजूत होती. तो पोटभर जेवला. "बाबा, पुरे ना आता," मुलगी माझ्या कानाशी कुजबुजली, "सारखं काय हसताय." मग कोणीतरी सर्वांचा फोटो काढला.

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईने नवा दात जुळवायला बोलावले. मुलगी पुन्हा बरोबर आली. बाहेरच्या बाकावर आमचा क्रमांक येईपर्यंत तिने फोनवर तो उपाहारगृहातला फोटो दाखवला. मेहुणा मध्यभागी, मी टोकाला, तोंड उघडे. मी दोन बोटांनी चित्र मोठे केले. दातांची ओळ सरळ होती, शुभ्र होती आणि अखंड होती. ती वीटही तिने रंगवून टाकली होती.

मला राग आला असे मी म्हणणार नाही. रागापेक्षा ते काहीतरी थंड होते, दाताला पाणी लागावे तसे. मी म्हणालो, "हा दात मी पडल्यामुळे तुटलेला नाही. तुझ्या मामाने पाडला."

हे वाक्य मी कितीतरी वर्षे जपले होते. तिला मामा हवा, तिच्या नजरेतून तो उतरू नये, म्हणून जपले होते. गादीवर पडून पडून जपले होते. मला वाटले होते की ते बाहेर आले म्हणजे काही तरी फुटेल. तिने फोन पर्समध्ये ठेवला.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"काय?"

"आईनं सांगितलंय. कॉलेजात होते तेव्हाच. कोटाची चिठ्ठी नि सगळं."

बाकाच्या समोरच्या भिंतीवर हसणाऱ्या माणसांची चित्रे होती. मी ती पाहत होतो. तिने त्या दिवशी आत काहीच का विचारले नाही, ते मला आता कळत होते.

"मग?" मी म्हणालो.

"मग काय, बाबा?" ती चिडली नव्हती, ती मला समजावत होती, लहान मुलाला समजावावे तशी. "चुकलंच मामाचं. पण किती वर्षं झाली. तुम्हीच कधी काही बोलला नाहीत ना. त्याच्याच दुकानात जात राहिलात. मग आम्ही काय समजायचं? आणि आता मी काय करू, लग्नाला बोलावू नको त्याला?"

मला उत्तर सुचले असते. मी मनात शब्द जुळवू लागलो होतो, सावकाश, नीट, एकामागून एक, जसे मला जुळवावे लागतात. आणि आतून हाक आली.

खुर्ची मागे झुकली. चिमट्याने ओठ ताणले गेले. डॉक्टरीणबाईने पट्टी काढली. तीच पट्टी, किंवा तिची नात, पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत ओळीने लावलेले दात. तिने एकेक माझ्या ओठाशी धरून पाहिला, आणि एका ठिकाणी थांबली. "हा बरोबर जुळतोय बघा, काका. की अजून एक पायरी वर जाऊ?" तिने माझ्या हातात आरसा दिला. मला सांगायचे होते की थांबा. मला सांगायचे होते की या तोंडात एवढी एकच खरी गोष्ट उरली आहे, पिवळी आहे, ती काढू नका. आणि काढायचीच असेल तर तिच्या जागी काय यावे हे निदान मला विचारा. घशातून एक घोगरा ध्वनी आला. चिमट्यात अडकलेल्या तोंडातून जो येतो तो, ज्याचा अर्थ कोणालाही हवा तो लावता येतो.

"हो म्हणतायत," मुलगी म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरून पुढे वाकली. तिच्या केसांचा सुवास आला. तिचे बोट पट्टीवरून फिरत फिरत पांढऱ्या टोकाकडे गेले, आणि तिने नखाने एका दातावर टिचकी मारली.

"हा," ती म्हणाली. "हा बाबांचा."